नवोदयला पाठवू का? निवासी शाळेबद्दल पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

नवोदयची निवड यादी लागली की माझा फोन थांबत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते आणि माझी मुलगी सहावी ते बारावी नवोदयला होती. म्हणून परीक्षेआधी "बाई, पेपर कसा असतो?" विचारणारे पालक निकाल लागल्यावर "ताई, तुम्ही मन कसं घट्ट केलंत?" असं विचारतात. तेच प्रश्न दरवर्षी येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहूनच ठेवते. बहुतेक गोष्टी नवोदयच्या आहेत, पण सैनिकी शाळा असो की आश्रमशाळा, वसतिगृहात राहणं सगळीकडे बरंचसं सारखंच.

नवोदय म्हणजे नक्की काय? खासगी आहे का?

नाही, केंद्र सरकारची निवासी शाळा आहे. सहावी ते बारावी, बोर्ड सीबीएसई. १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून देशात पहिल्या दोन शाळा निघाल्या, त्यातली एक आपल्या अमरावतीची आणि दुसरी हरियाणात झज्जरची. आज साडेसहाशेच्या वर आहेत. जिल्ह्याला साधारण एक असते, तमिळनाडूत मात्र एकही नाही. गोव्यात काणकोण आणि वाळपई अशा दोन आहेत.

परीक्षा अवघड असते का?

प्रश्न ८०, गुण १००, वेळ दोन तास. निम्मे गुण बुद्धिमत्तेच्या आकृत्यांना, उरलेले गणित आणि भाषेला. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही गोल कोरा ठेवू नका. पेपर मराठीत देता येतो. अवघड पेपर नसतो, जागा अवघड असतात: एका शाळेत जास्तीत जास्त ८० आणि बसणारी मुलं हजारोंनी. सहावीसाठी ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना आहेत, म्हणून तिसरीपासून मूल कुठल्या शाळेत होतं याचे दाखले आधीच काढून ठेवा. यादीत नाव येऊनही कागदावाचून अडलेले पालक मी पाहिले आहेत.

खर्च किती?

राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं, अंथरूण-पांघरूण सगळं शाळेकडून. नववीपासून विद्यालय विकास निधी म्हणून महिन्याला ६०० रुपये घेतात. मुली, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना तेही माफ. आईवडील सरकारी नोकरीत असतील तर सहावीपासूनच जास्त रक्कम लागते.

दहा वर्षांचं पोर आईशिवाय राहील का?

राहतं. पण पहिला महिना रडण्याचा असतो हे धरून चला.

दिवसभर काही वाटत नाही. शाळा, मैदान, रांगा, हाका यात वेळ निघून जातो. संध्याकाळी खेळ संपून हातपाय धुतले की घर आठवतं. एकानं सुरुवात केली की अख्खी डॉर्मिटरी रडते आणि मॅट्रन, म्हणजे वसतिगृह सांभाळणाऱ्या बाई, इकडून तिकडे फिरत राहतात. वरच्या वर्गातली मुलं अशा वेळी फार कामाला येतात. "मी तर दिवाळीपर्यंत रडायचो," असं सातवीतल्या पोरानं सांगितलेलं सहावीतल्या पोराला जेवढं पटतं तेवढं आपलं काहीच पटत नाही.

पालकांनी दोन गोष्टी पाळायच्या. रडत फोन आला की "उद्या न्यायला येते" असं म्हणायचं नाही. कारण मग मूल रात्रभर उद्याची वाट बघतं आणि तुम्ही गेला नाहीत तर तुमच्यावरचा विश्वास उडतो. दुसरं म्हणजे "जेवलास का, झोपलास का" एवढंच विचारू नका. शेजारच्या पलंगावर कोण आहे, तो कुठल्या गावचा, त्याला काय खेळायला आवडतं, हे विचारा. त्याच्या तोंडी मित्रांची नावं यायला लागली की समजायचं, पोरगं रुळलं.

दिवस कसा जातो?

पहाटे पीटी, आंघोळ, नाश्ता, असेंब्ली, मग तास. दुपारी जेवण आणि थोडी विश्रांती, त्यानंतर मागे पडलेल्यांसाठी रेमेडियल. संध्याकाळी मैदान, रात्री जेवणाआधी किंवा नंतर शिक्षकांच्या देखरेखीखाली अभ्यास आणि दहाच्या आसपास दिवे बंद. दर टप्प्याला हजेरी. मुख्याध्यापक आणि शिक्षक आवारातच राहतात, त्यामुळे एखादं गणित अडलं तर सर रात्रीच्या स्टडीत भेटतात. गावात हे मिळत नाही. खासगी क्लासवालेही तास संपला की कुलूप लावून घरी जातात.

मग घरी राहून चांगला क्लास लावला तर तेच होणार नाही का?

गुणांपुरतं कदाचित होईल. सीबीएसईच्या निकालात नवोदय वर्षानुवर्षं वरच्या रांगेत असते हे खरं. पुढे जेईई-नीटसाठी दक्षणा फाउंडेशनसारख्या संस्था नवोदयच्या मुलांची परीक्षा घेऊन निवडलेल्यांना मोफत शिकवतात. पुण्याजवळ कडूसला त्यांचा मोठा परिसर आहे. पण चांगले गुण घरी राहूनही पडतात. तेवढ्यासाठीच पाठवायचं असेल तर पाठवू नका.

मी दुसऱ्याच कारणांसाठी पाठवलं. आमच्या घरी मुलीचं ताट तिची आजी उचलायची. पहिल्या दिवाळीला ती आली, जेवली, उठली, स्वतःचं ताट घासून पालथं घातलं आणि तसंच आजीचंही उचललं. सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. रात्री तिनं चादरीच्या चारही कडा गादीखाली अशा ओढून बसवल्या की सुरकुती दिसेना. सकाळी कुणी हाक मारायच्या आधी उठून बसलेली. तिला हे आम्ही शिकवलं नव्हतं आणि शिकवायला गेलो असतो तर रोज भांडण झालं असतं. चाळीस जणींमध्ये जिचा पलंग वाकडा तिच्या हाऊसचे, म्हणजे गटाचे, गुण जातात आणि सगळ्या तिच्याकडे बघतात, म्हणून ते आपोआप आलं.

हाऊस चार: अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी. कबड्डीपासून हस्ताक्षरापर्यंत सगळी चुरस हाऊसची. घरी एकुलतं एक वाढलेलं मूल तिथं पहिल्यांदा दुसऱ्याच्या जिंकण्यावर टाळ्या वाजवतं.

यापेक्षाही मोठी गोष्ट वेगळीच आहे. डॉर्मिटरीत पलंग नावाप्रमाणे लागतात, जातीप्रमाणे किंवा पैशांप्रमाणे नाही. बागायतदाराचा मुलगा, ऊसतोड कामगाराचा मुलगा, पोलीस हवालदाराचा, मशिदीशेजारच्या सायकलवाल्याचा, सगळ्यांच्या पेट्या एकाच मापाच्या आणि जेवणाची रांग एकच. गावात ही चौघं एका शाळेत असली तरी संध्याकाळी आपापल्या आळीत जातात. सात वर्षं एका खोलीत झोपलेली माणसं पुढे लग्नाकार्याला, दवाखान्यात, नोकरीच्या शोधात एकमेकांसाठी उभी राहतात. माझ्या मुलीची बॅच आज पुण्यापासून बंगळुरूपर्यंत पसरली आहे आणि कुठल्याही शहरात गेली तरी तिला उतरायला घर आहे.

घरापासून तोडून शिकवणं ही श्रीमंतांची किंवा इंग्रजांची पद्धत ना?

पाचगणीच्या शाळा बघून तसं वाटतं, पण महाराष्ट्रात वसतिगृह वाढलं ते गरिबांसाठी. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा मुलांसाठी बोर्डिंग काढलं आणि पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या अशा एकेका समाजाची वसतिगृहं उभी केली. ज्यांना शहरात कुणी खोली देत नव्हतं त्यांना शिकायचं तर आधी छप्पर हवं, हा साधा हिशेब त्यामागे होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्यापुढचं पाऊल टाकलं. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातीधर्मांची मुलं एका वसतिगृहात, एका स्वयंपाकावर ठेवली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. त्या वेळच्या लोकांना शिकवण्यापेक्षा एका पंगतीला बसवणंच जास्त खुपत होतं.

आजही बीड-धाराशिवकडे ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात. ती नसतील तर मूल कोयत्याबरोबर कारखान्याच्या फडात जातं आणि सहा महिने शाळा बुडते. अशा मुलाला "घरापासून तोडलं" असं कोण म्हणेल?

मुलगी आहे, पाठवायचं धाडस होत नाही.

मला तर मुलींसाठी हा प्रश्न उलटा वाटतो. गावात सातवी-आठवीतल्या मुलीचा दिवस बघा. सकाळचं पाणी, धाकट्याला सांभाळणं, संध्याकाळी भाकरी, मग जमलं तर अभ्यास. दहावीनंतर कॉलेज तालुक्याला, एसटी कधी येते कधी नाही, आणि कुणीतरी "स्थळ चांगलं आहे" म्हणत दारात उभं. नवोदयला असलेल्या मुलीला बारावीपर्यंत हा प्रश्न विचारायला कुणी येत नाही. रोज तीन-चार तास अभ्यासाचे आणि तासभर मैदानाचा, हे तिचे स्वतःचे असतात. एवढं बहुतेक घरांत मुलाला मिळतं, मुलीला नाही.

एक तृतीयांश जागा मुलींच्या आहेत. वसतिगृह वेगळं, मॅट्रन आणि शिक्षिका तिथंच राहतात. सुट्टीत मुलीला न्यायला कोण येणार त्यांचे फोटो-सह्या आधी द्याव्या लागतात, काकांनाही तसं सोडत नाहीत. त्यावरून भावकीत रुसवे होतात, होऊ द्या. पाळी अजून आली नसेल तर जायच्या आधी नीट समजावून सांगा, कापड-पॅडची सोय पेटीत ठेवा. पहिल्यांदा आली तेव्हा आई जवळ नव्हती, पण शेजारच्या पलंगावरच्या ताईनं सगळं सांगितलं, असं मुली नंतर हसत सांगतात.

नववीत मुलांना परराज्यात पाठवतात म्हणे?

हो, त्याला मायग्रेशन म्हणतात. नववीतल्या साधारण ३० टक्के मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात, म्हणजे आपली मुलं हिंदी पट्ट्यात आणि तिकडची इकडे. पालक इथं फार घाबरतात. शिक्षक सोबत जातात, आणि गटानं जातात, एकटं कुणी नसतं.

माझी मुलगी गेली नाही, तिच्या डॉर्ममध्ये मात्र उत्तर प्रदेशची एक मुलगी आली. पहिल्या आठवड्यात तिला ज्वारीची भाकरी तुटेना आणि ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी. मार्चपर्यंत ती "अगं, थांब ना गं" म्हणत पोरींच्या मागे धावत होती, आणि आमच्या पोरी लिट्टी-चोखा कसा करतात यावर वाद घालत होत्या. परप्रांतीयांवर गावाकडे जे बोललं जातं ते या पोरींसमोर बोलायची नंतर कुणाची हिंमत झाली नाही, मुलीच आजोबांना गप्प करायच्या.

मराठी सुटेल का?

सुटत नाही, मराठी हा विषय असतो आणि सुरुवातीला शिकवणंही मातृभाषेतून सुरू होतं. नववीपासून गणित-विज्ञान इंग्रजीतून. मधली दोन वर्षं मुलांची दमछाक होते, तेव्हा सातवी-आठवीचे गुण बघून घाबरू नका.

मोबाईल देता येतो का?

नाही. ठरलेल्या वेळी शाळेच्या फोनवरून बोलायचं. कपड्यांत गुंडाळून चोरून देणारे पालक असतात. तो सापडतोच, आणि शिक्षा मुलाला होते. सध्याच्या काळात चौदा वर्षांच्या मुलाला मोबाईलशिवाय कॅरम, वाचनालय आणि गप्पांवर राहायला लावणारी जागा मिळणं हाच मला मोठा फायदा वाटतो.

जेवण कसं असतं?

मेससारखं. पोट भरतं, जीभ रुसते. भेटीच्या दिवशी शेंगदाण्याची चटणी, चिवडा, लाडू न्या, पण एकट्याला पुरेल एवढं नेऊ नका, कारण ते एकट्याला मिळत नाही. झाडाखाली डबा उघडलात की ज्याचे आईवडील आले नाहीत अशा एखाद्याला हाक मारा. प्रत्येक वर्गात अशी दोन-तीन मुलं असतात आणि ती लांब मैदानाच्या कडेला उगाच चेंडू उडवत असतात.

रॅगिंग, आजारपण, ताण याचं काय?

हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. खरूज आणि उवा ठरलेल्या. एकाला झालं की सगळ्यांनी एकाच वेळी मलम लावायला लागतं आणि कपडे-चादरी गरम पाण्यातून काढाव्या लागतात, नाहीतर ते फिरत राहतं. मोठ्यांनी लहानांकडून कपडे धुवून घेणं, पाणी आणायला लावणं हे प्रकार काही ठिकाणी होतात. शाळा चांगली की वाईट हे मुख्याध्यापक आणि हाऊसमास्तर यावर काय करतात त्यावरून ओळखा.

मानसिक ताणाची बाजू जास्त गंभीर आहे. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशभरातल्या नवोदयांत ४९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याचं वृत्त आलं आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं केंद्र सरकारकडे खुलासा मागितला. लाखो मुलांमध्ये संख्या लहान वाटेल, पण त्यातलं प्रत्येक मूल कुणाच्या तरी घरचं होतं. म्हणून प्रवेशाच्या वेळी इमारत बघण्याआधी विचारा: समुपदेशक आहे का, मूल शिक्षकांव्यतिरिक्त कुणाशी बोलू शकतं का. आणि मुलाला १०९८ हा मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर पाठ करायला लावा. बोलकं मूल अचानक गप्प झालं, जेवणावरून मन उडालं, सुट्टी संपताना नेहमीपेक्षा जास्त घाबरलं, तर "सवय होईल" म्हणून परत सोडू नका. आधी बसून ऐका.

कोणत्या मुलाला पाठवू नये?

ज्याला स्वतःला जायचं नाही त्याला. बापाची सैन्यात जायची इच्छा राहून गेली म्हणून मुलाला सैनिकी शाळेत ढकललेलं मी पाहिलं आहे, कुणाचंच भलं झालं नाही. घरात नुकतंच कुणाचं निधन झालं असेल किंवा आईवडील वेगळे होत असतील तर मुलाला वाटतं, मला घालवून दिलं. एखादं वर्ष थांबलेलं बरं, नवोदयची संधी गेली तरी. रोजचं औषधपाणी किंवा विशेष मदत लागणाऱ्या मुलासाठी त्या शाळेत काय सोय आहे ते प्रत्यक्ष जाऊन बघा, माहितीपत्रकावर जाऊ नका. आणि "घरी ऐकत नाही, तिथं सरळ होईल" हे कारण तर अजिबात नको. शाळा सुधारगृह नव्हे.

सुट्टीत घरी आल्यावर परक्यासारखा वागतो.

पहिले दोन दिवस तसं होतं. घड्याळाप्रमाणे भूक लागते, घरातला पसारा खुपतो, धाकट्याला पीटीच्या सरांसारखा हुकूम सोडतो. लगेच पाहुण्यांकडे फिरवू नका, झोपू द्या.

मधेच काढून आणलं तर नाव जाईल का?

गावात बोलतात आठवडाभर. चार-सहा महिने झाले, शाळेशी बोलणं झालं, तरी मूल खंगतच असेल तर आणा. आमच्या शाळेत असा एक मुलगा परत आला, दहावीला तालुक्यात चांगल्या गुणांनी पास झाला. फक्त पहिल्या महिन्याच्या रडण्यावर हा निर्णय घेऊ नका.

यादीत नाव आलं नाही. आता?

नववीत आणि अकरावीत नवोदयच्या रिकाम्या जागा भरतात, त्यावर लक्ष ठेवा. साताऱ्याची सैनिक शाळा देशातली पहिली, १९६१ सालची. तिथं सहावी आणि नववीला वेगळी प्रवेश परीक्षा असते, आता मुलीही घेतात, फी मात्र बरीच आहे, शिष्यवृत्तीची चौकशी आधी करा. नाशिकची भोसला सैनिकी शाळा १९३७ पासून आहे. मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय, आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा. आश्रमशाळेबाबत एकच सांगते, कागदावर नाव घालण्याआधी पावसाळ्यात एकदा जाऊन या. छप्पर, संडास आणि रात्री तिथं कोण झोपतं हे तेव्हाच कळतं.